तांत की फणी

रविवार, २५ नोव्हेंबर २००७. काम : चित्रकलेची खोली रिकामी करणे.

शमीम, तुझ्या खोलीची किल्ली आता माझ्याकडे आहे. काल मुख्याध्यापक सरांनी ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "कुंदाताई, उद्या सुट्टीच्या दिवशी खोली मोकळी करून घ्या. सोमवारपासून वातींचा वर्ग तिकडेच बसवा. चित्रकलेचं पुढे बघू." पुढे बघू म्हणजे काय, ते तुलाही कळतं आणि मलाही.

ही खोली मी किती वर्षं मागत होते ते तुला माहीत आहे. उत्तरेची मोठी खिडकी, दिवसभर सारखा उजेड, गुळगुळीत फरशी. आम्ही व्हरांड्यात वाती वळायला बसलो की वारा कापूस उडवतो, पोरं कापसामागे धावतात, आणि माझा वेळ आधी पोरं आणि मग कापूस गोळा करण्यात जातो. तुझा वर्ग आठवड्यातून तीन दिवस, तेवढ्यापुरता. बाकीचा वेळ खोलीला कुलूप. मी म्हणायचे, "उजेड कुलपात घालून काय लोणचं घालणार आहेस?" तू म्हणायचीस, "मी मेल्यावर घेजो, कुंदा. पण तोवर माही हाये."

घेतली. बाकी काही असो, तू शब्दाची पक्की निघालीस.

सकाळपासून इथे झाडू, फडकं आणि दोन रिकामी खोकी घेऊन बसले आहे. मंदाबाई स्वयंपाकघरातून एकदा चहा देऊन गेली. दाराशी उभी राहून पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "शमीम मॅडमचा वास येऊन राह्यला अजून." वास कसला? कोळशाचा आणि डिंकाचा. मंदाबाई गेले पंधरा दिवस वरणात रडते आहे आणि वरणाला त्याने काही फरक पडलेला नाही.

तुझ्या श्रद्धांजलीच्या सभेत सर बोलले, संस्थेचे सचिव बोलले. तुझं शिक्षण, तुझी नोकरी, तू आमच्या मतिमंद मुलांच्या निवासी शाळेत कधी आलीस, बाजूच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत किती वर्षं चित्रकला शिकवलीस. सगळं बरोबर होतं आणि त्यात तू कुठेच नव्हतीस. मला बोलायला सांगितलं तर मी म्हटलं, घसा बसलाय. घसा ठीक होता. पण जे बोलायचं होतं ते सभेत बोलण्यासारखं नव्हतं. मी तुझ्यावर जळत होते, शमीम. अजून जळते. माणूस गेलं की हे आपोआप संपत असेल असं मला वाटलं होतं. संपत नाही.

आता बघ. तू नाहीस हे मुलांना आम्ही सांगितलं. कुणाला किती कळलं देव जाणे. पण अजूनही सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी रस्त्यावर ऑटोचा आवाज आला की सगळी फाटकाकडे धावतात. ऑटो पुढे निघून जातो, तरी थोडा वेळ तिथेच उभी राहतात. मी रोज येते. उन्हाळा, पाऊस, आजारपण, काही असो. माझ्या लुनाच्या आवाजाला आजवर एकही पोर धावलेलं नाही. कारण मी येणारच असते. जे येणारच असतं त्याच्यासाठी कोण धावतं?

मी इथे काय शिकवते? बटण लावणं. चप्पल उजवी-डावी ओळखणं. संडासला जायचं आहे हे वेळेवर सांगणं. दात घासून चूळ बाहेर टाकणं. आणि वाती वळणं, म्हणजे मोठेपणी हाताला काहीतरी काम असेल. हे सगळं मी एकाच पद्धतीने शिकवते. मुलाच्या मागे बसायचं, त्याच्या हातावर आपला हात ठेवायचा, आणि दोन्ही हात मिळून बटण लावायचं. रोज. महिनोन् महिने. मग एक दिवस आपला हात हळूच काढून घ्यायचा. त्या दिवशी टाळ्या वाजवायला कुणी नसतं, आणि बटण लावलं म्हणून कुणी भिंतीवर टांगतही नाही.

आणि तू? पहिल्याच दिवशी खोलीच्या दारातून ओरडलीस, "ओ बाई, हात सोडा तिचा!"

मी प्रज्ञाच्या हातात खडू धरून गोल काढून दाखवत होते. मी म्हटलं, "तिला धरता येत नाही."

"न का येईना. हा गोल कोनाचा हाये? तुमचा. तुमाले गोल येतो हे मले मालूम हाये. तिले काय येते ते पाहू द्या न."

मी तेव्हाच ठरवलं होतं की ही बाई इथे टिकणार नाही.

तुझी ती हात बांधायची तऱ्हा. मुलं चित्रं काढायला बसली की तू ओढणीच्या दोन्ही टोकांत स्वतःचे हात गुंडाळून घ्यायचीस आणि भिंतीला टेकून उभी राहायचीस. म्हणायचीस, "माह्या हातावर माहा भरोसा नाही. पटकन जाते मदत कराले." आधी मला ते नाटक वाटलं. मग दिसलं की एखाद्या मुलाचा कोळसा कागदाबाहेर जाऊ लागला की ओढणीच्या आत तुझ्या मुठी खरोखर हलायच्या. तरी हात बाहेर आला नाही. कागदाबाहेर गेलेली रेघ फरशीवरून भिंतीपर्यंत गेली तरी नाही. ती फरशी पुसायला कोण होतं, हा प्रश्न तुला कधी पडला नाही. मंदाबाई होती. आणि मी.

कोळशाचंही तेच. पहिल्या वर्षी खडूंची पेटी पंधरा दिवसांत संपली, तेव्हा तू कुणाच्या तरी वावरातून पराटीचा भारा उचलून आणलास. कापूस वेचून झाल्यावर उभ्या राहतात त्या वाळल्या काड्या. दुधाच्या पावडरीच्या डब्यात त्या खच्चून भरायच्या, झाकण घट्ट लावायचं आणि डबा मंदाबाईच्या चुलीत सारायचा. काड्यांचा कोळसा व्हायचा, पण आकार तसाच. मंदाबाई बोंबलायची, "मॅडम, माही भाकर कराची हाये का तुमच्या काड्या शिजवाच्या?" तू म्हणायचीस, "दोनी कर. एक पोटाले, एक हाताले." झालं. त्या दिवसापासून मंदाबाई तुझी. मी तिला चूल पेटवायला वर्षभर रॉकेल आणून दिलं, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तुझ्यासाठी.

जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलं तू शुक्रवारी इकडे आणायचीस, एकाच सतरंजीवर सगळ्यांना बसवायचीस. तिसरीतल्या एका शहाण्या मुलीने आमच्या गणेशचा सोंडेला चाकं लावलेला हत्ती पाहून नाक मुरडलं होतं. "मॅडम, ह्याचा हत्ती हत्तीवानी नाही दिसत."

तू तिच्याकडे गंभीरपणे पाहिलंस. "हत्तीले इचारलं काय तू?"

ती पोरगी विचारात पडली. पुढच्या शुक्रवारी तिनेही सोंडेला चाकं लावली. मी दारात उभी राहून हसले. मला असं उत्तर कधी सुचलं नसतं. मी म्हटलं असतं, "असं बोलू नये बाळा." बरोबरच आहे ते. पण त्याने कुणी सोंडेला चाकं लावत नाही.

आता मैना.

मैना झरीकडच्या जंगलातल्या गावातून आली तेव्हा सहा वर्षांची होती. बोलत नव्हती, कुणाला अंगाला हात लावू देत नव्हती. पाच महिने मी तिच्या मागे बसले. तिने माझा जो हात पहिल्यांदा झटकला नाही, तो फणी धरलेला हात होता. रोज सकाळी मी तिचे केस विंचरते. एवढे दाट केस की फणी अडकते. ती डोळे मिटून बसते, आणि तेवढा वेळ तिचं अंग सैल असतं. तिचं जेवण, आंघोळ, तिची पहिली पाळी, गेल्या वर्षीचा तिचा ताप, सगळं माझ्या हातातून गेलं आहे. तिच्या आईने दिवाळीच्या सुट्टीत तिला न्यायला आल्यावर नमस्कार कुणाला केला? तुला. का, तर तू भिंतीवर लावलेलं मैनाचं चित्र तिने पाहिलं होतं.

ते चित्र. कागदभर काळ्या रेघा. एकीला लागून दुसरी, जाड, दाबून काढलेल्या, मधे मधे कागद फाटलेला. मैना दुसरं काही काढत नाही. फक्त रेघा, पण अशा की पाहणारा थांबतो. हे मी आज म्हणते आहे. तू जिवंत असताना म्हटलं नव्हतं.

ज्या वर्षी आपल्या जिल्ह्यात गाड्या भरभरून पाहुणे यायचे, त्या वर्षी एक जोडी आपल्याकडेही आली. कापसाला भाव नव्हता, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी गावोगाव घरं बसली होती, आणि बाहेरच्या लोकांना त्याचे फोटो हवे होते. बाईच्या गळ्यात कॅमेरा, माणसाच्या हातात वही. मैनाच्या चित्रासमोर दोघं उभे राहिले. बाई हळू आवाजात म्हणाली, "उजाड शेत. वाळलेल्या कपाशीच्या रांगा. या मुलीने घरी काय काय पाहिलं असेल!"

तू म्हणालीस, "पोरीनं रेघा काढल्या."

"हो, पण त्यामागे काही..."

"मागं भिंत हाये."

त्या माणसाने विचारलं, "तिला विचारता येईल का, हे काय आहे?"

"नाही येनार. मीही इचारत नाही. या खोलीत कोनी कोनाले 'हे काय काढलं' असं इचाराचं नाही, हा कायदा हाये. चहा घेता?"

चहा घेऊन ते गेले. त्यांना फोटो मिळाला नाही. सर तुझ्यावर चिडले, कारण शाळेचं नाव छापून आलं असतं. मी सरांसमोर तुझी बाजू घेतली. ते तुला कधी सांगितलं नाही, पण घेतली होती.

आणि त्याच संध्याकाळी आपलं भांडण सुरू झालं, जे अजून संपलेलं नाही.

गाडी गेल्यावर आपण दोघी याच फरशीवर बसलो होतो. मी भिंतीवरच्या दोरीला लावलेलं चित्र काढून हातात धरलं आणि म्हटलं, "शेत काय! ती बाई शहाणी आहे. ही फणी आहे. फणीचे दात. रोज सकाळी डोळ्यांसमोरून जाते तिच्या."

तू म्हणालीस, "तांत हाये."

"काय?"

"तांत. माह्या अब्बाच्या कमानीची."

तुझे वडील पिंजारी. कापूस पिंजायची त्यांची मोठी लाकडी कमान, तिला ताणून बांधलेली ती आतड्याची दोरी, तीच तांत. गादीच्या दुकानात मशीन आल्यावर कमान भिंतीला लागली. एकदा तू ती रिक्षात आडवी घालून शाळेत आणली होतीस. लाकडी ठोकळ्याने तांत ठोकलीस, धुंग धुंग असा आवाज झाला, कापूस ढगासारखा उडाला, आणि जी मुलं कधी एका जागी बसत नाहीत तीही बसली. मैना तर कमानीला कान लावून बसली होती. मला आठवतं. मी दारात होते आणि मला ते अजिबात आवडलं नव्हतं.

मी म्हटलं, "वा! कुणी कुणाला विचारायचं नाही, हा कायदा. आणि स्वतः मात्र ठरवून मोकळी?"

"तू ठरवलं म्हनून मीनं ठरवलं."

"तांत एकच असते, शमीम. इथे रेघा बघ किती आहेत."

तू हसलीस. "उभी हाये तवर एक. वाजते तवा पाह्यलं काय कधी?"

"नाही."

"मंग? घरी ये एक दिवस, दाखवतो. आन् चित्र तू उभं धरून राह्यली म्हनून तुले फनी दिसते. आडवं धर." माझ्या हातातून कागद घेऊन तू तो फिरवलास. "आता?"

आता ते फणीसारखं दिसत नव्हतं. मी कागद पुन्हा उभा केला. तू आडवा केलास. शेवटी तो तुझ्या खोलीत, तुझ्या दोरीवर, आडवाच लागला. खोली तुझी होती.

त्यानंतर जेव्हा जेव्हा भेटलो, तू विचारायचीस, "येतं काय घरी? कमान वाट पाहून राह्यली." मी म्हणायचे, पुढच्या रविवारी. रविवारी माझ्या घरी पाहुणे, दळण, सासऱ्यांचं औषध. आणि आत कुठेतरी हेही होतं की समजा गेले आणि तू म्हणतेस तसं निघालं तर? मग मैनाचं ते एकच चित्र, तेही तुझं. ते मला परवडणार नव्हतं.

मग आले तुझ्या घरी, पण तू नव्हतीस.

बायका आतल्या खोलीत बसल्या होत्या. मला कुणी ओळखत नव्हतं, तरी जागा करून दिली. तुझी वहिनी माझ्या हाताला धरून म्हणाली, "तुम्हीच काय त्या कुंदाबाई? वातीवाल्या?"

मी म्हटलं, हो. मनात म्हटलं, वातीवाल्या! हीच ओळख दिली असणार.

"तुमचंच बोलत राहे घरी," वहिनी म्हणाली. "लय जळे तुमच्यावर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"हौ न. म्हने, भाभी, पोरं माह्यासंग हासतात. पन पडले, झडले, पोट दुखलं, त रडत कुंदाकडं जातात. माह्याकडं एक नाही येत. म्हने, मी त्यांची पाहुनी, थे त्यांची घरची."

मी तिथे तांब्याभर पाणी प्यायले. शमीम, हे तू मला सांगायला हवं होतंस. एकदा. भांडताना सांगितलं असतंस तरी चाललं असतं. मी किती वर्षं त्या आनंदात काढली असती! एवढी चित्रांची बाई, रंगांची बाई, माणसाला आतून ओळखणारी बाई, आणि हे मात्र ओढणीत गुंडाळून ठेवलंस.

बायका कुराण वाचू लागल्या तेव्हा मी बाहेर ओसरीवर आले. तिथे ती कमान भिंतीला टांगलेली होती. धूळ बसलेली. आजूबाजूला कुणी नव्हतं. मयताच्या घरात असं करू नये हे मला कळतं. मी बोटाने तांत ओढली आणि सोडली. हळूच. धुंग. आणि पाहिलं. जिथे एक रेघ होती तिथे कितीतरी रेघा झाल्या, एकीला लागून दुसरी, वरपासून खालपर्यंत थरथरत. मग हळूहळू जवळ येत येत पुन्हा एक झाली.

तुझा भाऊ दारात आला. मी चप्पल घातली आणि निघाले.

म्हणजे तू खोटं बोलत नव्हतीस, एवढंच सिद्ध झालं. मैनाने तेच काढलं हे सिद्ध झालेलं नाही. फणीला दात असतात ही गोष्ट तशीच आहे. हे मी तुला रस्त्याने लुनावर येता येता सांगत होते, मोठ्याने. चौकात एका पोलिसाने माझ्याकडे वळून पाहिलं.

आता दुपार झाली आहे. कपाटातून मुलांची सगळी चित्रं काढून फरशीवर पसरली आहेत. सरांचं म्हणणं असं की ज्याची त्याची वेगळी करून ठेवा, पालक भेटीला आले की घरी देऊन टाकू. आणि एकाही चित्रावर नाव नाही! तुझा आणखी एक कायदा. नाव लिहिलं की मूल नावासाठी काढतं म्हणे. आमच्यातल्या किती जणांना नाव कळतं, बाई? पण नाही. तू सगळी ओळखायचीस, म्हणून नाव नको. तू गेल्यावर कोण ओळखणार, हा विचार करायला तुला वेळ नव्हता.

पहिला गठ्ठा हातात घेतला तेव्हा मी वैतागले होते. मग एक चित्र उचललं आणि म्हटलं, ही प्रज्ञा. सहज. प्रज्ञाचा अंगठा आत वळतो, त्यामुळे तिची प्रत्येक रेघ शेवटी खाली झुकते. बटण लावतानाही तिचा हात तसाच झुकतो, तो मी कित्येकदा वर उचलला आहे. पुढचं, गणेश. मनगट वळत नाही, सगळं खांद्यातून येतं, म्हणून त्याच्या वाती सैल आणि गोल मोठे. पुढचं डाव्या हाताचं, कोपराने फासलेलं, अनिता. तिची बाही मीच रोज दुमडते. एक एक करून सगळा गठ्ठा लागला. एकदाही अडले नाही. हत्ती, घर, सूर्य, मला काही ओळखता आलं नाही. हात ओळखता आले. मी त्या सगळ्या हातांवर हात ठेवून बसलेली आहे.

तू असतीस तर मी तुला बोलावून दाखवलं असतं. बघ, म्हटलं असतं, हात धरल्याने काय होतं ते. तू काहीतरी तोडून बोलली असतीस आणि मग ओढणीत हात घालून बघत राहिली असतीस. ते मला हवं होतं. नेमकं तेच हवं होतं आणि तू नाहीस.

आणखी एक गोष्ट सांगते. या चित्रांत तू पुष्कळ आहेस. चष्मा आणि मागे लांब काहीतरी लोंबतंय, म्हणजे तुझी ओढणी. कोपऱ्यात, झाडाशेजारी, एकदा तर हत्तीवर. मी एकाही चित्रात नाही. दोनदा पाहिलं. नाही म्हणजे नाही. बरं. घरच्या माणसाचं चित्र कोण काढतं?

मी प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीने नाव लिहिलं आहे. बारीक लिहिलंय, पण लिहिलंय. रागाव.

मैनाची चित्रं मात्र परत कपाटात ठेवली. तू गेल्यापासून तिने कोळशाला हात लावलेला नाही. वर्गशिक्षिकेने खडू दिला तर तिने तो खिडकीबाहेर ठेवला. फेकला नाही, हात बाहेर काढून ठेवला. वाती वळायला बसते पण कापूस नुसता मुठीत धरून ठेवते. केस विंचरताना आता डोळे मिटत नाही. मी तिच्यामागे बसून विंचरते आणि ती खिडकीतून फाटकाकडे बघते. माझ्या हातात तिचे केस असतात आणि तिची नजर तुझ्या ऑटोच्या वाटेवर. असं मरून गेल्यावरही माणसाने दुसऱ्याचं घ्यावं, याला काय म्हणायचं?

खोकी बांधून झाली. कोळशाचा डबा अर्धा भरलेला निघाला. तो टाकायचा की मंदाबाईला चुलीत घालायला द्यायचा, हे ठरलं नाही, म्हणून खिडकीत ठेवला आहे. कुलूप लावून घरी जाते.

सोमवार, सकाळ.

वातींच्या परड्या घेऊन मी खोलीच्या दारापर्यंत आले. दार उघडलं. तेवढ्यात रस्त्यावर ऑटो वाजला. सगळी फाटकाकडे धावली. ऑटो पुढे गेला. मी परड्या हातात घेऊन वाट पाहत राहिले. थोड्या वेळाने पोरं परतली, ती व्हरांड्यात न बसता माझ्या बाजूने आत शिरली आणि फरशीवर ज्याच्या त्याच्या जागी जाऊन बसली. सतरंजी नव्हती, ती मी खोक्यात भरली होती. तरी जागा चुकली नाही कुणाची. मैना खिडकीखाली बसली.

मी परड्या बाहेर ठेवल्या. खोकं सोडलं, सतरंजी अंथरली, कागद वाटले, कोळशाचा डबा फिरवला. मग दोन्ही हात पदरात गुंडाळले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. फार कठीण काम आहे ते. तू कधी म्हणाली नाहीस.

प्रज्ञाची रेघ झुकली. मी हलले नाही. गणेशचा गोल फरशीवर गेला. हलले नाही. मैनाने कोळसा घेतला नव्हता. बराच वेळ तशीच बसली. मग उठली, माझ्यापाशी आली, पदर सोडवून माझा हात बाहेर काढला आणि मला ओढत तिच्या जागी नेलं. बसली. मी तिच्या मागे बसले. तिने कोळसा उचलला, आणि माझा हात घेऊन स्वतःच्या मुठीवर ठेवला.

मी हात सैल सोडला, शमीम. अगदी सैल. बटणाच्या वेळी माझा हात नेतो आणि तिचा येतो. आज तिचा नेत होता. एक रेघ. तिला लागून दुसरी. एवढं दाबून की माझ्या बोटांना कागदाचा खरखरीतपणा लागत होता. ती काय काढते आहे हे मला कुणापेक्षाही जवळून कळायला हवं होतं, आणि कळलं नाही. 'हे काय गं?' अगदी ओठावर आलं होतं. विचारलं नाही.

सर दारात आले. "कुंदाताई, वाती?"

"व्हरांड्यात. दुपारी."

"पण खोली तर तुम्हीच मागत होतात."

"मागत होते. मिळाली. आता मी इथे सोमवार, बुधवार, शुक्रवार चित्रकला घेणार."

"तुम्ही? तुम्हाला येते?"

"मला यायची गरज नाही, सर. त्यांना येते."

हे वाक्य तुझं आहे. वापरलं. किल्लीबरोबर आलं असं समज.

तास संपल्यावर मैनाचे हात धुतले, मग केस विंचरले, कारण सकाळी राहून गेले होते. डोळे मिटले की नाही ते मागून दिसत नव्हतं, पण मान सैल होती. तिला जेवायला पाठवलं आणि चित्र घेऊन तुझ्या दोरीपाशी आले. मागे पेन्सिलीने मैना असं लिहिलं. उभं धरलं. फणी. स्पष्ट फणी. कुणीही सांगेल.

मग फिरवलं आणि आडवं लावलं. दोन्ही टोकांना चिमटे. आजच्यापुरतं.